कौंटी कौटुंबिक न्यायालयांचे अभिलेख

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटस्फोट, अपत्यांचा ताबा, पोटगी, पितृत्वनिश्चिती, दत्तकविधान आणि घरगुती हिंसाचारापासून संरक्षण या बाबींतील दाव्यांची कागदपत्रे बहुतेक ठिकाणी कौंटीच्या पातळीवर जतन केली जातात. कौंटी हा आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळमानाने जुळणारा प्रशासकीय घटक आहे. मूळ अर्ज, समन्स बजावल्याचे शपथपत्र, अंतरिम आदेश, उभय पक्षांच्या मिळकतीची व देण्यांची विवरणे, तडजोडीचा करार आणि अंतिम हुकूमनामा हे अशा फायलीचे मुख्य घटक होत. विवाह व कुटुंब यांविषयी कायदे करण्याचा अधिकार तेथे राज्यांकडे असून संघीय न्यायालये घटस्फोट, पोटगी किंवा ताबा यांचे हुकूमनामे देत नाहीत. हा अपवाद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रातील विधानातून रूढ झाला व १९९२ मध्ये त्याच न्यायालयाने त्याची पुष्टी केली. त्यामुळे पेसर या संघीय न्यायालयांच्या संगणकीय सेवेत घटस्फोटाची फाईल सापडत नाही. संघीय माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करूनही उपयोग होत नाही, कारण तो कायदा संघीय शासनाच्या कार्यकारी विभागांपुरता आहे.

कौटुंबिक न्यायालय ही स्वतंत्र संस्था प्रथम केव्हा व कोठे अस्तित्वात आली, याविषयी एकमत नाही. इलिनॉय राज्याच्या १८९९ च्या कायद्यान्वये कुक कौंटीत (शिकागो) बालन्यायालय सुरू झाले आणि काही अभ्यासक तेथपासूनच या न्यायव्यवस्थेचा आरंभ धरतात. परंतु त्या न्यायालयापुढे अपचारी व निराधार मुलांची प्रकरणे येत. पति-पत्नींमधील वाद त्याच्या कक्षेबाहेर होते. न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहरात १९१० च्या सुमारास स्थापन झालेल्या गृहसंबंध न्यायालयाला अनेक संदर्भग्रंथ ‘पहिले’ म्हणतात. ते नगर न्यायालयाचाच एक भाग होते आणि कुटुंबाचा निर्वाह न करणाऱ्या पतीवरील कारवाईसारखी, बहुतांशी फौजदारी वळणाची कामे त्याच्याकडे असत; घटस्फोट देण्याचा अधिकार त्याला नव्हता. ओहायओतील हॅमिल्टन कौंटीत (सिनसिनाटी) मात्र १९१४ मध्ये घटस्फोट आणि बालकांची प्रकरणे एकाच न्यायविभागाकडे सोपविण्यात आली. कौटुंबिक न्यायालयाचे निर्णायक लक्षण अधिकारक्षेत्राचे एकत्रीकरण हे मानल्यास हॅमिल्टन कौंटीचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. संपूर्ण राज्यासाठी असे न्यायालय प्रथम स्थापण्याचा मान सामान्यतः रोड आयलंडला (१९६१) दिला जातो. अभिलेखांच्या दृष्टीने या वादाला महत्त्व आहे, कारण हे एकत्रीकरण ज्या राज्यात जेवढे झाले तेवढीच एका कुटुंबाची कागदपत्रे एकत्र सापडतात आणि जेथे ते अपुरे राहिले तेथे ती दोन-तीन कार्यालयांत विभागलेली असतात.

न्यूयॉर्क हे या विभागणीचे ठळक उदाहरण होय. तेथे १९६२ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालय आले, पण घटस्फोटाचा अधिकार त्याला मिळाला नाही. तो राज्याच्या ‘सुप्रीम कोर्ट’कडेच राहिला, नाव असे असले तरी हे प्रथम सुनावणीचे न्यायालय आहे. परिणामी घटस्फोटाची फाईल कौंटी क्लार्क या कौंटीचे दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात, तर ताबा, निर्वाहखर्च व संरक्षण आदेश यांसाठी स्वतंत्रपणे केलेल्या अर्जांच्या फायली कौटुंबिक न्यायालयात असतात. न्यूयॉर्क शहर पाच कौंट्यांत विभागलेले असून ब्रुकलिन म्हणजे किंग्ज कौंटी आणि स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड कौंटी, हे ठाऊक नसल्यास अर्ज भलत्याच कार्यालयात जातो. कॅलिफोर्नियाच्या ५८ कौंट्यांत ही सर्व कामे सुपीरिअर कोर्ट या प्रथम सुनावणीच्या न्यायालयाकडे आहेत. टेक्ससच्या २५४ कौंट्यांत घटस्फोटाच्या फायली डिस्ट्रिक्ट कोर्टाचे दफ्तर सांभाळणाऱ्या डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे आणि विवाहाचे परवाने कौंटी क्लार्ककडे अशी वाटणी सामान्यतः आढळते. पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक कौंट्यांत घटस्फोटाचे दफ्तर प्रोथोनोटरी या न्यायालयीन दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे असते (मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही या नावाचा अधिकारी आहे), तर दत्तकविधानाची प्रकरणे ऑर्फन्स कोर्टात (मृत्युपत्रे, वारसा व अज्ञान मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या न्यायालयात) चालतात. लुइझियानात कौंटीऐवजी पॅरिश आहेत आणि कनेक्टिकटमध्ये कौंटी शासन १९६० मध्ये रद्द झाले. सेंट लुइस व बॉल्टिमोर या शहरांच्या बाबतीत विशेष सावधगिरी आवश्यक ठरते, कारण ही शहरे त्याच नावाच्या कौंट्यांपासून अनुक्रमे १८७६ व १८५१ पासून वेगळी आहेत आणि त्यांची न्यायालयीन दफ्तरेही वेगळी आहेत.

शोधाचा मूलभूत नियम असा की, विवाह कोठे झाला किंवा पक्षकार पुढे कोठे राहिले यापेक्षा दावा कोठे दाखल झाला होता हे ठरवावे लागते. सामान्यतः अर्जदाराच्या वा प्रतिवादीच्या वास्तव्याची कौंटी प्रथम पाहिली जाते, तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील घटस्फोटांना हे नेहमी लागू पडत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६६ च्या सुधारणा कायद्यापर्यंत व्यभिचार हेच घटस्फोटाचे एकमेव कारण होते. उलट नेव्हाडाने १९३१ मध्ये वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर संसार केलेल्या अनेक दांपत्यांचे हुकूमनामे रीनो शहराच्या वॉशो कौंटीच्या दफ्तरात आहेत.

कौंटी निश्चित झाल्यावर पक्षकारांच्या नावांच्या सूचीवरून खटल्याचा क्रमांक मिळवितात. अलीकडच्या वर्षांच्या सूची बऱ्याच न्यायालयांच्या संकेतस्थळांवर असतात; जुन्या सूची बांधीव वह्यांत वा सूक्ष्मपटांवर (मायक्रोफिल्म) असून त्या प्रत्यक्ष कार्यालयात पाहाव्या लागतात. सूची आडनावावरून लावलेली असते आणि पत्नीचे नाव माहेरचे की सासरचे हे दाव्यातील नोंदीप्रमाणे बदलते. मराठी व्यक्तींच्या बाबतीत मधले नाव वडिलांचे की पतीचे आणि रोमन लिपीत ते कसे लिहिले गेले, हेही तपासावे लागते. एकाच नावाची दोन-तीन वर्णलेखने शोधून पाहणे इष्ट. काही राज्यांचे जन्ममृत्यू नोंदणी विभाग घटस्फोटांची राज्यव्यापी नोंद ठेवतात, जसे टेक्ससमध्ये १९६८ पासूनची आणि कॅलिफोर्नियात १९६२ ते जून १९८४ पर्यंतची. त्यांवरून कौंटी कळते, मात्र मूळ हुकूमनामा तेथे मिळत नाही. शिकागोतील १८७१ च्या आणि सॅन फ्रान्सिस्कोतील १९०६ च्या आगीत न्यायालयीन दफ्तरे जळाली असल्याने त्यापूर्वीच्या काळासाठी वृत्तपत्रांतील बातम्यांसारख्या दुय्यम साधनांवर विसंबावे लागते.

मागणी अर्ज न्यायालयाच्या छापील नमुन्यात किंवा साध्या पत्राने, समक्ष अथवा टपालाने करता येतो. त्यात दोन्ही पक्षकारांची पूर्ण नावे, खटल्याचा क्रमांक किंवा दाखल केल्याचे अंदाजे वर्ष, हवा असलेला दस्तऐवज आणि नकलेचा प्रकार नमूद करतात. क्रमांक न दिल्यास अनेक ठिकाणी शोधशुल्क वेगळे पडते. साधी नक्कल माहितीपुरती असते. प्रमाणित नकलेवर लिपिकाची सही व न्यायालयाची मुद्रा असते आणि पुनर्विवाह, नाव बदलणे, निवृत्तिवेतनाची वाटणी अशा बहुतेक कामांसाठी तीच लागते. एका राज्याचा ताब्याचा आदेश दुसऱ्या राज्यात नोंदवायचा झाल्यास, बहुतेक सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या १९९७ च्या एकरूप कायद्यानुसार त्याच्या दोन प्रती द्याव्या लागतात व त्यांतील एक प्रमाणित असावी लागते. जुन्या फायली न्यायालयाबाहेरील गोदामात किंवा राज्य अभिलेखागारात हलविलेल्या असल्यास नक्कल मिळण्यास विलंब होतो.

न्यायालयीन कागदपत्रे पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा जनतेचा सर्वसाधारण हक्क अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केला. पण तो निरपवाद नाही आणि कौटुंबिक प्रकरणांत राज्याराज्यांची धोरणे परस्परविरुद्ध टोकांना जातात. न्यूयॉर्कच्या गृहसंबंध कायद्याच्या कलम २३५ प्रमाणे वैवाहिक दाव्याची फाईल पक्षकार व त्यांचे वकील यांव्यतिरिक्त इतरांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय दाखविली जात नाही आणि हे बंधन १०० वर्षे टिकते. त्याच राज्यातील कौटुंबिक न्यायालयाच्या सुनावण्या १९९७ च्या नियमांनुसार तत्त्वतः जनतेस खुल्या आहेत, फायली मात्र बंद. ही विसंगती अभ्यासकांनाही बुचकळ्यात टाकते. कॅलिफोर्नियात घटस्फोटाची फाईल सामान्यतः खुली असली तरी तिची संगणकीय प्रत न्यायालयाच्या इमारतीतच पाहता येते, घरबसल्या नव्हे. आर्थिक तपशिलाची कागदपत्रे पक्षकाराच्या विनंतीवरून बंद करण्याची सक्ती करणारा तेथील कायदा २००६ मध्ये अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. नेव्हाडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये कौटुंबिक सुनावण्या सरसकट बंद करू देणारे नियम रद्द केले. ताब्यासंबंधीचे मूल्यमापन अहवाल बहुधा गोपनीय राहतात. दत्तकविधानाच्या फायली जवळपास सर्वत्र मोहोरबंद असतात. या प्रथेचा आरंभ सहसा मिनेसोटाच्या १९१७ च्या कायद्यापासून सांगतात.

भारतात या नकला वापरण्याच्या दृष्टीने मिसूरीतील सेंट लुइस कौंटीच्या न्यायालयाने दिलेल्या घटस्फोटाविषयीचा भारतीय सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल महत्त्वाचा आहे. विवाह तिरुपती येथे हिंदू पद्धतीने झाला होता आणि घटस्फोटाचे कारण हिंदू विवाह कायद्यात बसत नव्हते, म्हणून तो हुकूमनामा येथे अग्राह्य ठरला; परदेशी निकाल येथे केव्हा निर्णायक मानायचा हे सांगणाऱ्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ चा अर्थ लावताना हाच भाग नेहमी उद्धृत होतो. नकलेसंबंधीचे विवेचन तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे. तेथील उपलिपिकाने प्रमाणित केलेली छायाप्रत केवळ छायाप्रत म्हणून त्याज्य ठरत नाही, मात्र तिच्यावर केंद्र सरकारच्या अमेरिकेतील प्रतिनिधीचे प्रमाणन नसल्याने ती पुराव्यात घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिका १९८१ पासून आणि भारत २००५ पासून अपोस्टिल (सार्वजनिक दस्तऐवज दुसऱ्या सदस्य देशात ग्राह्य व्हावा म्हणून त्यावरील सही व मुद्रा खरी असल्याचा दाखला) विषयक हेग कराराचे सदस्य असल्याने आता प्रमाणित नकलेवर अपोस्टिल घेण्याची पद्धत रूढ आहे. ते ज्या राज्यातील न्यायालयाची नक्कल असेल त्या राज्याच्या सक्षम कार्यालयाकडून, बहुधा सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, घ्यावे लागते. न्यूयॉर्कमध्ये त्याआधी कौंटी क्लार्कचे प्रमाणनही आवश्यक असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमेरिका अन्योन्य राज्यक्षेत्र (ज्याचे हुकूमनामे भारतात थेट अंमलात आणता येतात असा देश) म्हणून अधिसूचित नसल्याने तेथील रक्कमवसुलीचा हुकूमनामा येथे थेट अंमलात आणता येत नाही. त्याच्या आधारे नवा दावा लावावा लागतो आणि त्या दाव्याला अशी नक्कल जोडावी लागते.