ताझारा रेल्वे (टांझानिया–झँबिया रेल्वे)

टांझानियातील दार-एस-सलाम बंदर आणि झँबियातील न्यू कापिरी म्पोशी यांना जोडणारा लोहमार्ग. लांबी 1,860 किमी.; पैकी 975 किमी. टांझानियात व 885 किमी. झँबियात. चीनच्या बिनव्याजी कर्जातून, चिनी अभियंत्यांच्या देखरेखीखाली तो बांधला गेला. स्वाहिलीत त्यास ‘रेली या उहुरू’ (स्वातंत्र्य रेल्वे) असेही म्हणतात. चीनने तोवर परदेशात हाती घेतलेल्या मदतकार्यांत हे सर्वांत मोठे होय. पूर्ततेचे वर्ष काही ग्रंथांत 1975, तर काहींत 1976 असे आढळते. रूळ टाकण्याचे काम जून 1975 मध्ये संपले, ऑक्टोबरात चाचणी वाहतूक सुरू झाली आणि औपचारिक हस्तांतर 14 जुलै 1976 रोजी झाले. त्यामुळे दोन्ही सनांना आधार आहे.

या मार्गाची कल्पना वसाहतकाळातही अधूनमधून चर्चेत होती. पण तिला निकड आली ती झँबियाच्या स्वातंत्र्यानंतर (1964). समुद्रकिनारा नसलेल्या या देशाचे जवळजवळ सारे परकीय चलन तांब्याच्या निर्यातीतून येई आणि ते तांबे मुख्यतः दक्षिण ऱ्होडेशियातील (सध्याचे झिंबाब्वे) लोहमार्गाने बाहेर पडे. 11 नोव्हेंबर 1965 रोजी तेथील गोऱ्या अल्पसंख्य राजवटीने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यावर हा रस्ता शत्रूच्या हाती गेल्यासारखा झाला. जागतिक बँकेने 1964 मध्येच नव्या लोहमार्गाविरुद्ध मत देऊन त्याऐवजी रस्तावाहतूक सुचवली होती. 1966 मध्ये ब्रिटिश-कॅनेडियन सल्लागारांनी मार्ग किफायतशीर ठरेल असा निर्वाळा दिला, तरी पाश्चात्त्य देशांकडून पैसा आला नाही.

चीनचा या कामात प्रवेश नेमका कोणाच्या पुढाकाराने झाला, याविषयी मतभेद आहेत. शीतयुद्धकाळातील पाश्चात्त्य लेखकांच्या मते बीजिंगनेच आफ्रिकेत पाय रोवण्यासाठी हा प्रस्ताव पुढे सरकवला. चिनी कथनांत मात्र टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्यूलिअस न्येरेरे यांनी फेब्रुवारी 1965 च्या बीजिंग भेटीत विषय काढला आणि चीनने तत्काळ होकार दिला, असे येते. तिसरे मत असे की, दार-एस-सलाममधील चिनी वकिलातीकडून बातमी आधीच पोहोचली असल्याने चिनी नेते होकाराच्या तयारीत होते. पुढाकार मात्र टांझानियाचाच. उपलब्ध पुराव्याशी हे तिसरे मत अधिक जुळते. झँबियाचे राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांचा होकार बराच उशिरा आला, हेही त्यास पूरक आहे. जून 1967 मध्ये ते बीजिंगला गेले आणि 5 सप्टेंबर 1967 रोजी तिन्ही देशांत प्राथमिक करार झाला. चीनच्या दृष्टीने पंतप्रधान चौ एन-लाय यांनी जानेवारी 1964 मध्ये आफ्रिका दौऱ्यात मांडलेल्या मदतीच्या आठ तत्त्वांची ही कसोटी होती. ऑक्टोबर 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांत चीनला जागा मिळाली तेव्हा सव्वीस आफ्रिकी देशांनी अनुकूल मत दिले. या मतदानाचे श्रेय काही लेखक थेट ताझारास देतात. ते अतिशयोक्त वाटते.

कर्जाची रक्कम 98.8 कोटी युआन होती. डॉलरमधील आकडे मात्र विनिमयदराच्या निवडीनुसार साधारण 40 ते 50 कोटींच्या दरम्यान बदलतात. स्थानिक खर्चाची तजवीज वेगळ्याच पद्धतीने केली गेली: मजुरी, सिमेंट इत्यादींसाठी लागणारी स्थानिक रक्कम रोखीने न देता चीनने कापड व नित्योपयोगी माल उधारीवर पाठवला, तो दोन्ही देशांत विकून आलेल्या पैशातून खर्च भागवायचा. झँबियात या मालाचा खप अपेक्षेइतका झाला नाही.

बांधकामास ऑक्टोबर 1970 मध्ये प्रारंभ झाला. वेगवेगळ्या वेळी मिळून सुमारे 50,000 चिनी व 60,000 आफ्रिकी माणसे कामावर होती, असा सर्वमान्य अंदाज आहे. साठांहून अधिक चिनी कामगार मृत्यू पावले; दार-एस-सलामजवळ गोंगो ला म्बोटो येथे त्यांची दफनभूमी आहे. मार्गावर 320 पूल व 22 बोगदे आहेत. बहुतेक बोगदे किलोंबेरो खोऱ्याकडून पठारावर चढणाऱ्या म्लिंबा–मकंबाको या घाटभागात आहेत. कामाची खरी परीक्षा तेथेच झाली: भुसभुशीत माती, दलदल, खोल दऱ्या आणि म्पांगा नदीवरील सुमारे 50 मी. उंच खांबांचा पूल. सर्वोच्च बिंदू म्बेयाजवळ उयोले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,790 मी. उंचीवर आहे. रूळ टांझानिया-झँबिया सरहद्दीवर 1973 मध्ये पोहोचले.

रुळांतर 1,067 मिमी. ठेवले गेले. चीनमधील प्रमाण रुळांतर 1,435 मिमी. आणि टांझानियातील जुने जर्मनकालीन मार्ग मीटरगेज (1,000 मिमी.), परंतु झँबिया व दक्षिण आफ्रिकेकडील सर्व जाळे 1,067 मिमी.चे होते. परिणाम असा की, ज्या दक्षिणेपासून सुटका हवी होती तिच्याशी ताझाराचे डबे विनासायास जोडता येतात, पण टांझानियाच्या स्वतःच्या मध्य रेल्वेशी नाही. किडाटू येथे एका गाडीतला माल दुसरीत भरण्याची सोय 1998 मध्ये झाली. चीनने पुरवलेली डोंगफांगहोंग जातीची डिझेल-हायड्रॉलिक इंजिने घाटाच्या चढावर कमी पडत. 1980 नंतर पश्चिम जर्मनीत बांधलेली डिझेल-विद्युत इंजिने आणावी लागली.

मार्गाची क्षमता वर्षाला 20 लाख टन धरली होती. 1977-78 मध्ये वाहतूक 12 लाख टनांच्या थोडी वर गेली. हाच उच्चांक राहिला. दार-एस-सलाम बंदरातील कोंडी, वाघिणींची टंचाई व दुरुस्तीतील विलंब ही कारणे दिली जातात. खतांचा पुरवठा अडकल्याने कौंडा यांनी ऑक्टोबर 1978 मध्ये ऱ्होडेशियातून जाणारा, बंद असलेला दक्षिणेचा मार्ग पुन्हा उघडला. पुढील वर्षी ऱ्होडेशियाच्या सैन्याने झँबियातील चांबेशी नदीवरील ताझाराचा पूल उडवला. वर्णद्वेषी राजवटी गेल्यावर झँबियास दक्षिणेची बंदरे मोकळी झाली आणि ताझाराचे मूळ प्रयोजनच उरले नाही. 2014-15 च्या सुमारास वार्षिक मालवाहतूक एक लाख टनांच्याही खाली होती. प्रवासी गाड्या चालूच राहिल्या. त्या अभयारण्यालगतच्या वाटेमुळे पर्यटकांच्याही आवडीच्या आहेत.

ताझारा आणि 2000 नंतरचे चीन-आफ्रिका संबंध यांत सातत्य शोधण्याची प्रथा आहे, पण व्यवहाराचा प्रकार बदलला आहे. केन्यातील मोंबासा–नैरोबी मार्ग (2017) चीनच्या आयात-निर्यात बँकेच्या व्याजी कर्जातून उभा राहिला. खुद्द ताझाराबाबत सप्टेंबर 2024 मध्ये बीजिंग येथे चीन-आफ्रिका सहकार्य मंचाच्या वेळी तिन्ही देशांत सामंजस्य करार झाला. 2025 मध्ये मार्गाचे पुनरुज्जीवन करून तो 30 वर्षे चालवण्याचा हक्क चायना सिव्हिल इंजिनिअरिंग कन्स्ट्रक्शन कॉर्पोरेशनला देण्याचे ठरले. नियोजित गुंतवणूक सुमारे 1.4 अब्ज डॉलर असून तिची भरपाई मालभाड्यातून व्हावयाची आहे. त्याच तांब्यासाठी अमेरिका व युरोपीय संघ अंगोलातील लोबिटो बंदराच्या मार्गास पाठबळ देत आहेत.