वाळवंट ‘रिकामं’ कसं झालं?

वाळवंटाचा फोटो म्हटलं की लाटांसारखी वाळू, गर्द आभाळ आणि माणसाचा मागमूस नाही, असंच चित्र समोर येतं. पण या परंपरेच्या सुरुवातीच्या एका गाजलेल्या फोटोत माणसाच्या खुणा भरपूर आहेत. छायाचित्रकार टिमोथी ओ’सलिव्हनने तो १८६७ मध्ये अमेरिकेतल्या नेव्हाडात, कार्सन वाळवंटात काढला. वाळूच्या टेकड्यांमध्ये चार खेचरांची गाडी उभी आहे आणि तिच्यापासून कॅमेऱ्याकडे पावलांचे ठसे येतात.

ती गाडी म्हणजे त्याची डार्करूम, आणि गाडी जवळ ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. त्या काळी काचेवर कलोडियन, म्हणजे ईथर मिसळलेलं चिकट द्रावण, ओतायचं, तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं, काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची. साऱ्याला मिळून दहा-पंधरा मिनिटं. वाळवंटात तीही नाहीत. कलोडियनमधलं ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं. त्यामुळे थर सारखा पसरण्याआधीच आळतो, कडांशी सुकतो आणि तिथे डाग उमटतात. उडालेली धूळ ओल्या काचेला चिकटते ती कायमची. शिवाय धुवायला स्वच्छ पाणी हवं. त्या भागातलं पाणी बहुतेक खारं.

आभाळ पांढरंफटक येई त्याचं कारणही रसायनातच. कलोडियनला निळा प्रकाश फार लवकर लागतो, म्हणून जमीन नीट उतरेपर्यंत आभाळ जळून गेलेलं असे. ढग नाहीत, खोली नाही. आज त्यात उदासपणा शोधला जातो, तो निम्मा या काचेचा.

आणि हे फोटो काही निसर्गप्रेमातून काढलेले नव्हते. भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स किंगच्या नेतृत्वाखालच्या ४०व्या अक्षवृत्ताच्या सर्वेक्षणासाठी लष्कराचा पैसा होता. रेल्वे येऊ घातलेल्या पट्ट्यातला दगड, खनिज आणि पाणी नोंदवायचं होतं. त्याच मोहिमेत ओ’सलिव्हनने व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणीत उतरून मॅग्नेशियमच्या उजेडात खाणकामगार टिपले.

माणूस चौकटीबाहेर गेला तो पुढे. १९३२ मध्ये अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि मंडळींनी ‘एफ/६४’ गट काढला. नाव लेन्सच्या छिद्राच्या मापावरून: लहानात लहान छिद्र, म्हणजे पुढच्या खड्यापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं धारदार. लाल रंगही टिपणारी फिल्म आली होती. लाल फिल्टर लावला की निळं आभाळ काळवंडतं. किंमत एकच, एक्स्पोजर लांबतं आणि वारा असला की झुडपं पुसट येतात. वेस्टनने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात ओशियानोच्या वाळूच्या टेकड्या टिपल्या, अॅडम्सने पुढे डेथ व्हॅलीचं वाळवंट. फोटो देखणे आहेत, वाद नाही. पण डेथ व्हॅली १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली तेव्हा टिम्बिशा शोशोन हे मूळनिवासी लोक तिथे राहतच होते. त्यांना जमीन देणारा कायदा व्हायला २००० साल उजाडलं.

उलटा प्रवाह १९७५ ला स्पष्ट झाला. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमधल्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ प्रदर्शनात रॉबर्ट अॅडम्स, लुईस बॉल्ट्झ यांनी पश्चिमेकडची नवी घरं आणि औद्योगिक शेड मांडल्या. दोन वर्षांनी मार्क क्लेट आणि सहकारी ओ’सलिव्हन आणि त्याच्या काळच्या सर्वेक्षण-छायाचित्रकारांच्या जागा शोधत निघाले, कॅमेरा त्याच ठिकाणी, उजेड शक्य तितका तसाच. तेव्हा कळलं, की काही ठिकाणी ओ’सलिव्हनने कॅमेरा चक्क तिरका धरून खडक अधिक नाट्यमय केले होते!

रिचर्ड मिझरॅक १९८० च्या दशकात पुन्हा कार्सन वाळवंटातच पोचला, ‘ब्राव्हो २०’ या नौदलाच्या बॉम्बसरावाच्या मैदानात. खड्डे, बॉम्बची गंजलेली कवचं आणि चाळण झालेल्या गाड्या त्याने मोठ्या कॅमेऱ्यावर, रंगीत आणि अॅन्सेल अॅडम्सइतक्याच निगुतीने टिपल्या. ही जागा खड्ड्यांसकट राष्ट्रीय उद्यान करा, असा आराखडाही त्याने १९९० च्या पुस्तकात दिला. उद्यान झालं नाही. नौदलाचा सराव तिथे अजून चालतो.