सोयाबीन पेरा, पण वेळेवर खुडा

खरबूज लावायचं असेल तर एका आळ्यात चार बिया टाका, शेजारी सोयाबीनचे तीन दाणे टाका, आणि वेलाला थोडी पानं फुटली की सोयाबीन खुडून टाका. हा सल्ला सहाव्या शतकातला आहे. उत्तर चीनमधल्या उत्तर वेई राजवटीतला अधिकारी जिया सश्ये याने ‘छीमिन याओशू’ या शेतीवरच्या ग्रंथात तो लिहून ठेवलाय.

तो कारणही देतो. खरबुजाचा कोंब दुबळा असतो, एकट्याच्या बळावर माती फोडू शकत नाही. सोयाबीन त्याच्यासाठी माती उचलतं. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांनी सोयाबीन उगवताना पाहिलंय त्यांना हे लगेच पटेल. दाण्याच्या दोन जाड डाळी जमिनीखाली राहत नाहीत. कोंब मान वाकवून मातीच्या पपडीला खालून रेटा देतो, पपडी तडकते, मग मान सरळ होते आणि डाळी उजेडात येतात. त्याच भेगेतून खरबूज वर येतं.

पण पुढे सोयाबीन तसंच ठेवलं तर ते वेलावर सावली धरतं आणि वेल खुरटतो. म्हणून ते काढायचं, तेही उपटून नाही, खुडून. जिया म्हणतो, खुडलेल्या देठाच्या रसाने ओल मिळते, उपटलं तर माती पोकळ होऊन सुकते. रसाच्या दोन थेंबांनी फार ओल येत असेल असं मला वाटत नाही. न उपटण्याचं कारण मात्र पक्कं आहे: मुळासकट खेचलं की शेजारच्या कोवळ्या रोपाची मुळंही हलतात.

याच ग्रंथात कागदासाठी लावायच्या, तुतीच्या कुळातल्या एका झाडाबद्दल लिहिलंय. त्याचं बी धाग्याच्या भांगेबरोबर पेरायचं आणि थंडीत भांग कापायची नाही, कारण तिच्या उबेवर कोवळी रोपं जगतात. नाहीतर बहुतेक गारठून मरतात. पण हीच भांग सोयाबीनच्या रानात मिसळू नका, दोघांचंही नुकसान होतं, असंही तो बजावतो. कोणतं पीक कोणाशेजारी आणि किती दिवस, एवढं बारीक पाहिलेलं वाचून मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आजच्या चीनमध्ये, गान्सू प्रांतात, मका आणि बाकला शेजारी लावतात. बाकला म्हणजे वालासारखं एक कडधान्य. मका चीनमध्ये सोळाव्या शतकात आला, त्यामुळे जियाला ही जोडी माहीत असणं शक्यच नव्हतं. कृषिशास्त्रज्ञ ली लोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फुरद (म्हणजे फॉस्फरस, पिकांना लागणारं एक अन्नद्रव्य) कमी असलेल्या जमिनीत या जोडीवर चार वर्षं प्रयोग केले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकेकटं लावण्याच्या तुलनेत मक्याचं उत्पादन 43 टक्के आणि बाकल्याचं 26 टक्के जास्त आलं.

असं का होतं, हे शोधायला त्यांनी दोन्ही पिकांच्या मुळांमध्ये पडदे घातले. काहींतून मुळांनी सोडलेला रस आरपार जाई, काहींतून काहीच जात नसे. बाकल्याची मुळं सेंद्रिय आम्लं सोडतात, त्यामुळे आसपासची माती आम्लधर्मी होते, तिच्यात अडकून पडलेला स्फुरद सुटतो आणि तो मक्यालाही मिळतो. बाकल्याचा फायदा मात्र वेगळ्या कारणाने होतो: त्याची मुळं वेगळ्या खोलीवर असतात आणि त्याचा हंगाम वेगळा असतो. तो मक्याआधी पेरतात आणि उन्हाळ्यातच काढून घेतात. मग उरलेला हंगाम सगळं रान मक्याचं.