कावळा, टपाल आणि चिठ्ठी

'पौगंडावस्था' हा शब्द आज आपण आठवी-नववीच्या मुलांना लावतो. जुन्या संस्कृत श्लोकात मात्र पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षांचं मूल. पुढे पंधरापर्यंत किशोर, मग थेट यौवन. मुलींच्या वाट्याला तर किशोरपणही धड येत नसे. न्हाण आलं की मखरात बसवायचं, ओटी भरायची, सासरी धाडायचं.

1929च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय 14 केलं, 1978 साली ते 18 झालं. शाळा, कॉलेजही लांबत गेलं. शरीर वयात आलंय पण संसार अजून दूर, अशी काही वर्षं घराघरांत नव्यानेच उगवली. त्या वर्षांत पोरांशी बोलायचं काय, हे थोरांना कुणी शिकवलंच नव्हतं. सोळाव्या वर्षी मुलाला मित्र मानावं, असं सुभाषित सांगतं खरं. पण त्याच्या आधीचं 'दश वर्षाणि ताडयेत्' आपण जास्त मनावर घेतलं.

बोलणं टाळायला शब्द मात्र भरपूर. 'कावळा शिवला', 'अडचण आहे', 'बाहेरची आहे'. मुलगी कोपऱ्यात चटईवर, तांब्या वेगळा. धाकटा भाऊ विचारणार, कावळा आला कुठून? आजी म्हणणार, खिडकीतून. मुलांना तर कावळाही नाही. आवाज फुटला, मिसरूड फुटलं की चेष्टा, आणि विषय संपला.

हे प्रश्न छापील पानावर आणले र. धों. कर्व्यांनी. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी प्राध्यापकी गेली, आणि जुलै 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक टपालाने शंका विचारत, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. या उत्तरांवरूनच 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. मासिकच लैंगिक शिक्षणाचं, मग आलेल्या प्रश्नांना उत्तर का द्यायचं नाही, असा त्यांचा युक्तिवाद. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. आजही कुठल्याही पालकसभेत हा युक्तिवाद खणखणीत वाजेल.

पुढे बरीच वर्षं हे काम सरकारपेक्षा संस्थांनी जास्त उचललं. गडचिरोलीत 'सर्च'मधून डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली. शाळांसाठी 2005 साली केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आला खरा, पण 2007 साली महाराष्ट्रात आमदारांनी त्याच्या साहित्यावर आक्षेप घेतला आणि तो अडला. बंदीच्या बाजूने संस्कृतीचं नाव पुढे करण्यात आलं. पोरांना या गोष्टी कळतात तरी कुठून, ही चौकशी मागेच राहिली. 2014 साली 10 ते 19 वयासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्याखाली आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत 'मैत्री क्लिनिक' चालतात. नाव छान आहे, फक्त केसपेपर काढायच्या रांगेत शेजारच्या काकू भेटू नयेत.

अशा विषयाच्या वर्गात पहिला अर्धा तास एकही हात वर होत नाही. मग कोरे कागद वाटतात, नाव लिहायचं नाही असं बजावतात. चिठ्ठ्या बारीक घड्या घालून येतात, अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. बऱ्याच जणींची सुरुवात एकच: 'माझ्या मैत्रिणीला एक शंका आहे.'