‘शेवटचा अभ्यंग’ ते ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’: एका नावामागची पार्श्वभूमी

दुखणे हे पापाचेच फळ असते का, या प्रश्नाला बायबलमधल्या दुःख सोसणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी दिलेले ‘होय’ हे उत्तर येशूने स्वीकारले नाही, हे वाचकांना ठाऊक आहेच. जन्मांधाबद्दल ‘पाप कोणाचे, याचे की आईबापांचे’ असे विचारणाऱ्या शिष्यांना त्याने दोन्ही पर्याय नाकारून दाखवले. तरीही पक्षाघाती माणसाला उठवण्याआधी त्याने पापक्षमाच जाहीर केली. हे दोन्ही धागे एकत्र धरणे पुढच्या काळाला अवघड गेले आणि त्याची खूण कॅथलिक चर्चच्या एका विधीच्या नावात उमटली: आजाऱ्याला आशीर्वादित तेल लावून प्रार्थना करण्याच्या या विधीला ‘शेवटचा अभ्यंग’ म्हटले जाऊ लागले.

या विधीचा आधार बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय. ख्रिस्ती मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी तैलाभ्यंग करून केलेली प्रार्थना दुखणाइताला ‘वाचवील’ आणि प्रभू त्याला ‘उठवील’, असे तेथे म्हटले आहे. ग्रीकमधले पहिले क्रियापद आजारातून बरे होण्यालाही लागते आणि तारणालाही. दुसरे अंथरुणावरून उठण्यालाही आणि मेलेल्यांतून उठण्यालाही. मराठीत रोगी ‘वाचला’ असे आपण म्हणतो, त्यामुळे हा दुपदरी अर्थ आपल्याला परका वाटू नये. क्षमेचा उल्लेख मात्र ‘पापे केली असली तर’ अशा अटीने येतो. म्हणजे आजारी माणूस पापामुळेच आजारी आहे, असे गृहीत धरलेले नाही. माझ्या मते या ‘तर’कडे पुरेसे लक्ष कधीच गेले नाही.

बिशपाने आशीर्वादित केलेले तेल सामान्य विश्वासणारेही स्वतःच्या आणि घरच्यांच्या दुखण्यात वापरू शकत, हे 416च्या रोममधल्या एका पत्रावरून दिसते. पुढे पश्चिम युरोपातल्या चर्चमध्ये हा अभ्यंग मृत्युशय्येवरच्या प्रायश्चित्ताला जोडला गेला, आणि डोळे, कान, नाक, तोंड, हात, पाय यांना तेल लावताना त्या त्या इंद्रियाने केलेल्या पापांची क्षमा मागितली जाऊ लागली. शरीर बरे होण्याची विनवणी मागे पडली. 1215च्या एका धर्मपरिषदेने तर वैद्यांनी रोग्याला आधी आत्म्याचा वैद्य, म्हणजे धर्मगुरू, बोलवायला सांगावे, कारण आजार कधी कधी पापातून येतो, असा नियम केला.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेचा 1551चा निर्णय खरा वादाचा. हा विधी ‘केवळ’ मरणासन्नांसाठी आहे असे मसुद्यात होते. अंतिम मजकुरात ‘विशेषतः’ हा शब्द आला. एका शब्दाने दार उघडे राहिले, पण व्यवहारात पुढची चारशे वर्षे धर्मगुरू तेल घेऊन दारात आला की घरचे लोक आशा सोडत. दुखणाइतावर हा केवढा अन्याय! याकोबाच्या पत्रातला अभ्यंग बरे होण्यासाठी होता, तुम्ही तो मरणाऱ्यांना देता, हा प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांचा आक्षेप या बाबतीत रास्तच होता.

1963मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेत ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवले गेले. 1972च्या विधीत कपाळ आणि हात एवढ्यांनाच तेल लावायचे ठरले, ऑलिव्हचे तेल न मिळाल्यास दुसरे वनस्पती तेल चालू लागले आणि इंद्रियांच्या पापांची यादी गेली. तिच्या जागी, पापातून मुक्त करणारा प्रभू तुला वाचवो आणि उठवो, अशी याकोबाचीच क्रियापदे परत आली. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी, तसेच वार्धक्याने खचलेल्यांना मोठा आजार नसतानाही, आता हा अभ्यंग देता येतो.