कायद्यापुढे समानता

कायद्यापुढे समानता : जन्म, धर्म, लिंग, संपत्ती किंवा हुद्दा काहीही असला, तरी प्रत्येक व्यक्ती त्याच कायद्याला व त्याच न्यायालयांना बांधील असते आणि त्याच कायद्याचे संरक्षण तिला मिळते, असे सांगणारे विधितत्त्व. सर्वांना सर्व बाबतींत एकसारखे वागवावे, असा त्याचा अर्थ होत नाही. समान स्थितीतील व्यक्तींना समान वागणूक मिळावी, एवढाच त्याचा आशय आहे. स्थिती समान आहे की नाही हे कशावरून ठरवायचे, याभोवतीच बहुतेक वाद घडले.

या तत्त्वाचे मूळ सामान्यतः ‘इसोनोमिया’ या ग्रीक संज्ञेत शोधले जाते. अथेन्समध्ये ती साधारणतः इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली असावी. अथेन्सचा राजकीय सुधारक क्लेइस्थेनीस याच्या सुधारणांशी (इ. स. पू. ५०८–५०७) तिचा संबंध जोडतात, मात्र त्याने स्वतः ती वापरली, असे निश्चितपणे म्हणता येत नाही. ‘इसोस’ म्हणजे समान, याबद्दल वाद नाही. उत्तरपद ‘नोमोस’ (कायदा) मानावे की ‘नेमेइन’ (वाटणे) या धातूशी थेट जोडावे, याबद्दल मतभेद आहेत. पहिल्या मताप्रमाणे अर्थ ‘समान कायदा’ असा होतो, तर दुसऱ्याप्रमाणे ‘समान वाटणी’, म्हणजे सत्तेची. क्रोटोनचा वैद्य आल्कमेऑन याने शरीरातील ओले-सुके, उष्ण-शीत यांच्या समतोलाला इसोनोमिया आणि त्यांपैकी एकाच्या वरचढपणाला ‘मोनार्किया’ म्हटल्याचे उत्तरकालीन संकलनांत आढळते. हे शब्द त्याचेच असतील, तर दुसऱ्या मताला बळ मिळते. ‘नोमोस’ हा शब्दच ‘नेमेइन’पासून आलेला असल्यामुळे दोन्ही अर्थांतील अंतर फार ताणण्याचे कारण नाही. स्त्रिया, गुलाम आणि अथेन्समध्ये स्थायिक झालेले परके या समतेबाहेरच होते.

प्राचीन भारतीय धर्मशास्त्रात दंड वर्णानुसार बदलतो. पण त्याची दिशा एकच नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चोरीसाठी शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट वा त्याहून अधिक दंड सांगितला आहे. त्याच अध्यायात ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला १०० पण (एक प्राचीन नाणे) दंड आणि शूद्राला शारीरिक शिक्षा आहे. उलट शूद्राला शिवी देणारा ब्राह्मण १२ पणांवर सुटतो. व्यवहारात हे दंड कितपत अमलात येत, हा वेगळा प्रश्न आहे.

‘कायद्यापुढे समानता’ हा शब्दप्रयोग इंग्लिश विधिपरंपरेतील आणि ‘कायद्याचे समान संरक्षण’ हा अमेरिकन, असे भारतीय पाठ्यपुस्तकांत सर्रास लिहिलेले असते. दुसरा अर्धा भाग निर्विवाद आहे : तो अमेरिकी संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीतून (१८६८) आला. पहिल्यासाठी इंग्लिश विधिज्ञ डायसी याच्या १८८५ मधील विवेचनाचा आधार देतात. तथापि ‘कायद्यापुढे समान’ हे शब्द फ्रान्सच्या १७९३ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आहेत. १७८९ च्या जाहीरनाम्यातील सहाव्या कलमात सर्व नागरिक कायद्याच्या ‘नजरेत’ समान आहेत, असे म्हटले होते. तेव्हा तत्त्वाची मांडणी इंग्लिश मानली, तरी शब्दांचे श्रेय फ्रेंचांना देणे अधिक योग्य ठरेल. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या (१९४८) सातव्या कलमात आणि भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये दोन्ही शब्दप्रयोग शेजारी शेजारी आहेत. पहिला नकारात्मक (कोणालाही विशेषाधिकार नाही) आणि दुसरा सकारात्मक, असा भेद करण्याची प्रथा आहे. मात्र दुसरा हा पहिल्याचाच उपसिद्धांत असल्याचे मत भारताचे सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार या खटल्यात (१९५२) नोंदवले होते.

कायद्याचा मजकूर समान असूनही अंमल विषम असू शकतो, हे यिक वो विरुद्ध हॉपकिन्स (१८८६) या अमेरिकी खटल्यात स्पष्ट झाले. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत धुलाईघर चालवण्यास नगरमंडळाची परवानगी सक्तीची होती. नियमात वंशाचा उल्लेख नव्हता. शहरातील सुमारे ३२० धुलाईघरांपैकी ३१० लाकडी आणि सुमारे २४० चिन्यांची होती. सुमारे २०० चिनी अर्जदारांना नकार मिळाला; चिनी नसलेल्या ८० जणांना परवानगी मिळाली. यिक वो त्याच जागेत २२ वर्षे धंदा करत होता. अग्निसुरक्षेचे आणि आरोग्याचे दाखलेही त्याच्याकडे होते. तरीही त्याला १० डॉलर दंड झाला आणि तो न भरल्याने कैद झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

कायद्याने लोकांचे वर्ग पाडून केलेला भेद वाजवी आहे की नाही, हे ठरवण्याची भारतातील कसोटी (वाजवी वर्गीकरण) दुहेरी आहे : वर्गात घेतलेले आणि वगळलेले यांच्यात समजण्याजोगा भेद हवा आणि त्या भेदाचा कायद्याच्या उद्दिष्टाशी तर्कसंगत संबंध हवा. सर्वोच्च न्यायालयातील रोयप्पा खटल्यापासून (१९७३) न्या. भगवती यांनी मांडलेली मनमानीपणाची कसोटीही पुढे आली : राज्याची मनमानी कृती हाच समतेचा भंग मानावा, असे ती सांगते. तुलनेसाठी दुसरी व्यक्तीच नसेल तर विषमता कशाची, हा तिच्यावरील आक्षेप वजनदार आहे. न्यायालयांनी मात्र ही कसोटी सोडलेली नाही. राष्ट्रपती, राज्यपाल व परकीय राजदूत यांना मर्यादित अपवाद आहेत.

सार्वजनिक जीवनात हे तत्त्व न्यायालयात आले, ते अनेकदा वेगळ्याच वाटेने. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्यायल्यानंतर सवर्णांनी दावा लावला. तळ्यावर फक्त आपलाच हक्क असल्याची पूर्वापार रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दावा फेटाळला, पण समतेच्या आधारावर नव्हे : अशी पूर्वापार रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरच निकाल लागला. रूढी सिद्ध झाली असती तर ती वाजवी ठरली असती काय, हा प्रश्न न्यायालयापुढे उरलाच नाही. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख झाला. अनुच्छेद १४ राज्याला बांधतो. अनुच्छेद १५ (२) हा खंड मात्र खाजगी व्यक्तींनाही लागू आहे.