जुना ट्रक देऊन नवा घेताय? डीलरकडे जाण्याआधी हे वाचा

डीलरसमोर खुर्ची ओढून बसलात की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो : "तुमच्या गाडीचे किती धरून आलाय?" आकडा सांगितला की निम्मी बोलणी तिथेच संपली. तो आकडा डीलरच्या मनातल्यापेक्षा कमी असेल, तर तो जरा आढेवेढे घेईल आणि मग "खास तुमच्यासाठी" म्हणून कबूल करेल. जास्त असेल, तर तेवढी रक्कम देईलसुद्धा, फक्त नव्या गाडीवरची सूट तेवढीच आटेल. दोन्ही वेळा मालक खुशीत घरी जातो.

आम्ही जुन्या ट्रकची तपासणी आणि मूल्यांकन करतो. गाड्या घेत नाही, विकत नाही, आणि कुठल्याही डीलरकडून दलाली घेत नाही. आमच्याकडे येणारे मालक रस्त्यावर आणि भाड्याच्या बोलणीत कुणाला हार जाणारे नसतात. शोरूममध्ये मात्र ते फसतात, कारण तिथे एका वेळी तीन सौदे चालतात : नव्याची किंमत, जुन्याची किंमत आणि कर्ज. तिन्ही एकाच कागदावर, एकाच दमात. एका खिशात घातलेले दुसऱ्यातून कधी निघाले, ते कळत नाही.

आधी फरक काढा

नव्या ट्रकची छापील किंमत १०० धरू. पहिला डीलर म्हणतो, "सूट जमणार नाही, पण जुन्याचे ३२ देतो." दुसरा नव्यावर ६ सोडतो आणि जुन्याचे २७ सांगतो. पहिल्याकडे तुम्हाला ६८ भरायचे आहेत, दुसऱ्याकडे ६७. तरी पुष्कळ जण पहिल्याकडे झुकतात. ३२ ऐकायला गोड लागतात आणि चारचौघांत सांगायला त्याहून गोड.

खिशातून जाणारी रक्कम म्हणजे फरक. दोन डीलरांची तुलना करायची ती या एकाच आकड्यावर, आणि तीही दोन्हीकडे माल तोच असेल तर. एकाचे कोटेशन नुसत्या चेसिस-कॅबिनचे आणि दुसऱ्याचे बॉडीसकट, असे दोन कागद शेजारी ठेवून काही कळत नाही. विमा, नोंदणी, हाताळणी खर्च, वाढीव वॉरंटी, ट्रॅकिंग यंत्राची वर्गणी यांतले काय कुणी धरले आणि काय वगळले, ते ओळीओळीने तपासा.

कराचे एक विचारून घ्या. काही ठिकाणी नव्या गाडीवरचा कर पूर्ण किमतीवर लागतो, काही ठिकाणी जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर. दुसरी पद्धत असेल, तर जुनी गाडी बाहेर विकून चार पैसे जास्त मिळाले तरी कराची बचत हातची जाते. म्हणून "बाहेर जास्त येतात" हे म्हणण्याआधी कराचे गणित करा.

बोलणीचा क्रम आम्ही असा सुचवतो : आधी नव्याचा भाव, जुन्याचा उल्लेख न करता, लेखी. मग जुन्याचा. कर्जाचे सगळ्यात शेवटी. डीलरने जुन्या गाडीबद्दल खोदून विचारले तर सरळ सांगा, "ती द्यायची की बाहेर विकायची ते अजून ठरलेले नाही. आधी नव्याचे कळू द्या." त्यासाठी बाहेरचा एखादा गिऱ्हाईक खरोखर पाहून ठेवलेला बरा, म्हणजे बोलताना आवाज डळमळत नाही. कंपनीकडून एक्स्चेंज बोनस मिळत असेल, तर तो जुन्या गाडीच्या किमतीत मिसळू देऊ नका, त्याची ओळ वेगळी मागा. बोनस कंपनी देते आणि किंमत डीलर देतो. दोन्ही एकत्र दाखवले की डीलरचा हात आहे त्यापेक्षा मोकळा वाटतो.

नव्याचा भाव कुठे हलतो

डीलरची कमाई फक्त गाडीवरच्या नफ्यातून येत नाही. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या गाड्या उठल्या तर कंपनीकडून त्याला जादा रक्कम मिळते. कर्ज आणि विमा मिळवून दिल्याबद्दल दलाली मिळते. पुढे वर्षानुवर्षे सुटे भाग आणि वर्कशॉपचे उत्पन्न असतेच. म्हणून महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि वर्षाखेर यांना अर्थ आहे : लक्ष्याला एक-दोन गाड्या कमी पडत असतील, तर तो त्या गाडीवर तोटासुद्धा सोसेल. लक्ष्य आधीच पूर्ण झाले असेल, तर मात्र महिनाअखेरीला जाऊन काही हाती लागत नाही. सेल्समनला गप्पांच्या ओघात विचारा, "या महिन्यात कसं चाललंय?" बऱ्याचदा तो खरे सांगतो.

यार्डात उभी असलेली गाडी डीलरने बहुधा उधारीवर उचललेली असते आणि तिचे व्याज रोज चढत असते. त्यामुळे उभ्या गाडीवर जेवढी सूट मिळते, तेवढी मागणी नोंदवून येणाऱ्या गाडीवर मिळत नाही. पण उभी गाडी किती दिवसांची आहे, ते पाहून घ्या. चेसिस नंबर १७ अक्षरे-अंकांचा असतो. पुष्कळ कंपन्या त्यातल्या दहाव्या जागी वर्षाचे चिन्ह ठेवतात. (या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे येत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. कागदावर ती दिसली, तर लिहिणाऱ्याने चूक केली आहे.) गाडी गेल्या वर्षी तयार झालेली असेल, तर पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा ती एक वर्ष जुनीच धरली जाईल. ते नुकसान आजच्या सुटीत वसूल व्हायला हवे. शिवाय बरेच महिने उभ्या गाडीची बॅटरी आणि टायर बारकाईने पाहा.

स्वस्त मिळतेय म्हणून चुकीची गाडी उचलू नका. आमच्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो (चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो ते प्रमाण) घाटासाठी एक लागतो, सपाट लांब पल्ल्यासाठी दुसरा. घाटाच्या रेशोची गाडी सपाटीवर इंजिन जास्त फिरवते आणि डिझेल पिते. वर्षाला ८०,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला ४ किलोमीटर देत असेल, तर २०,००० लिटर लागतात. ४.२ देत असेल, तर सुमारे १९,०५०. म्हणजे वर्षाला ९५० लिटरचा फरक, आणि गाडी तुमच्याकडे पाच-सहा वर्षे राहणार. शोरूममध्ये तासभर भांडून मिळवलेली सूट यापुढे कधीकधी किरकोळ ठरते. वजनाचेही तसेच : एकूण परवानगीच्या वजनातून गाडीचे रिकामे वजन वजा केले की उरते ते मालाचे. माहितीपत्रकातले रिकामे वजन बऱ्याचदा बॉडीशिवायचे असते. बॉडी बांधणाऱ्याकडून तिचे वजन आधी विचारा, मग हिशोब करा.

डीलर रोख सूट देत नसेल, तेव्हा वस्तूंकडे वळा. पहिल्या काही सर्व्हिस, वाढीव वॉरंटी, स्टेपनी, ड्रायव्हरचे प्रशिक्षण, बिघाडाच्या दिवसांत पर्यायी गाडी : यांचा खर्च डीलरला कमी पडतो आणि तुम्हाला मोल जास्त असते. एकच ट्रक घेणाऱ्याला कुणी फारसे विचारत नाही हे खरे आहे. ओळखीतल्या दोघा-तिघांना त्याच सुमारास गाडी घ्यायची असेल, तर एकत्र जा. तीन गाड्यांची बोलणी मॅनेजर स्वतः करतो.

"मॅनेजरला विचारून येतो" म्हणून सेल्समन आत जातो, तेव्हा पाणी प्या आणि वाट पाहा. तो बाहेर आल्यावर आधी तुम्ही बोलू नका.

जुन्याचा भाव डीलर कसा काढतो

उलटीकडून. पुढचा गिऱ्हाईक ४० देईल असे त्याला वाटले, तर त्यातून दुरुस्तीचे ४, टायरचे ३, गाडी उभी राहण्याचे आणि कागदपत्रांचे २ आणि नफ्याचे ३ वजा करून तो २८ पर्यंत येतो. तिथून बोलायला सुरुवात करताना २५ म्हणतो. पुष्कळ डीलर जुने ट्रक स्वतः ठेवतच नाहीत, आतल्या आत एखाद्या व्यापाऱ्याला फोन करून त्याच्याकडून आकडा घेतात. तो व्यापारी तुम्हालाही सापडू शकतो. सापडला तर त्याचा आकडा आधी घ्या.

या हिशोबातले ४० तुम्ही वाढवू शकत नाही, तो बाजारभाव आहे. दुरुस्ती आणि टायरचे आकडे मात्र वादाचे असतात. खरी घासाघीस तिथे करायची. त्यासाठी त्याचा माणूस गाडीभोवती फिरताना काय पाहतो ते माहीत हवे.

जाणकार माणूस थंड इंजिन चालू करायला सांगतो. आल्या आल्या तो बॉनेटवर हात ठेवतो, आधीच चालवून गरम केलेय का ते पाहायला. सुरू होताना निघणारा धूर तो बघतो. निळसर असेल तर ऑइल जळतेय. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर थांबतच नसेल, तर न जळलेले डिझेल तरी किंवा कूलंट तरी सिलिंडरमध्ये जातेय. मग चालू इंजिनचे ऑइल भरायचे झाकण काढतो. तिथून भपकारे येत असतील, तर रिंग-लायनर झिजलेत. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधी साय दिसली, तर पाणी आणि ऑइल एकत्र आल्याची शंका. मग तो खाली वाकतो : चेसिसवर वेल्डिंगचे डाग, क्रॉसमेंबरजवळचा तडा, तुटलेला पाटा, गळणारी हाउसिंग. टायरवर बोट फिरवून तारीख वाचतो. चार अंकांतले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेला, तो लगेच ओळखतो.

हे सगळे त्याच्याआधी तुम्ही पाहा, किंवा आमच्यासारख्या कुणाकडून पाहून घ्या. तो म्हणाला, "इंजिन काम निघेल," तर तुमच्याकडे कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा, अहवाल हवा. तो म्हणाला, "क्लच गेलाय," तर क्लच कधी बदलला त्याचे बिल हवे. बिलांची फाइल नीट लावलेली असणे हे एक हत्यार आहे. ते फार थोडे मालक वापरतात.

विकण्याआधी दुरुस्ती कुठवर करावी? फुटलेला आरसा, न पेटणारा दिवा, हवेची गळती, फाटलेली सीट, कॅबिनमधला कचरा : एवढे नक्की करा. दुसरी किल्ली शोधून ठेवा. इंजिनचे मोठे काम, पूर्ण रंग, नवे टायर यांच्या भानगडीत पडू नका. त्यांचा खर्च भावात पूर्ण परत येत नाही, आणि ताजा रंग पाहून तर मूल्यांकन करणारा आणखी संशय घेतो. भाव ठरल्यावर चांगले टायर काढून जुने चढवण्याचा विचार मनात असेल, तर सोडून द्या. टायर नंबर त्याने टिपून घेतलेले असतात.

कर्ज

हप्ता किती, यावर बोलणी कधीच करू नका. १०० चे कर्ज १२ टक्के घटत्या शिलकीच्या (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच लागणाऱ्या) व्याजाने ४८ महिन्यांत फेडले, तर एकूण सुमारे १२६ भरावे लागतात. तेच ७२ महिन्यांत फेडले, तर जवळपास १४१. हप्ता चतुर्थांशाने उतरलेला दिसतो, म्हणून सौदा स्वस्त वाटतो. दराचे तसेच : "फक्त ८ टक्के" म्हणून सांगितलेला दर जर मूळ रकमेवर सरसकट लावलेला असेल, तर पाच वर्षांच्या मुदतीत तो घटत्या शिलकीच्या सुमारे १४ टक्क्यांइतका पडतो. दर कोणत्या पद्धतीचा ते विचारा, आणि डीलरच्या कर्जाशेजारी बाहेरच्या निदान एका संस्थेचे कोटेशन ठेवा.

जुन्या ट्रकवर कर्ज बाकी असेल, तर आज फेडायचे झाल्यास किती लागेल याचे पत्र आधीच घ्या. बाकी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाली आणि ती नव्या कर्जात ढकलली, तर नवी गाडी पहिल्या दिवसापासून तिच्या किमतीहून जास्त कर्जात चालते. अशा वेळी वर्षभर थांबावे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. ऐकायला कुणाला आवडत नाही.

डिलिव्हरी लांबली तर

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात, म्हणून थोडे सविस्तर. मूल्यांकन आज होते, नवी गाडी बॉडी बांधून दोन महिन्यांनी येते. मधल्या काळात जुनी गाडी चालूच असते, ती थांबवून पोट भरत नाही. महिन्याला ७,००० किलोमीटर धावत असेल, तर मूल्यांकनानंतर १४,००० किलोमीटर वाढलेले असतात. डिलिव्हरीच्या दिवशी डीलर पुन्हा गाडीभोवती फिरतो आणि भाव पाडतो. तुमच्या नव्या गाडीवर तोवर कर्ज मंजूर, बॉडी तयार, माल ठरलेला. मागे फिरायची सोय उरत नाही.

म्हणून मूल्यांकनाच्या दिवशीच चार गोष्टी लिहून घ्या : त्या दिवशीचे किलोमीटर, भाव कोणत्या तारखेपर्यंत कायम, त्या तारखेपर्यंत किती किलोमीटर धावले तरी चालेल, आणि त्यापुढे दर हजार किलोमीटरला किती कपात. चारही बाजूंनी फोटो काढा, टायर आणि मीटरचेही. उशीर डीलरकडून झाला तर कपात नाही, हे वाक्य कागदावर असलेच पाहिजे. नव्याची किंमत मधल्या काळात कंपनीने वाढवली तर ती कोण सोसणार, तेही तिथेच ठरवा. बुकिंगची रक्कम कोणत्या अटीवर परत मिळेल, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात असते. ते वाचून मग सही करा.

जुनी गाडी ताब्यात देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली पोच घ्या. हस्तांतराच्या कोऱ्या कागदांवर सही नको. गाडी दुसऱ्याच्या नावावर चढेपर्यंत दंड आणि अपघाताची चौकशी कागदोपत्री मालकाकडे येते. टोलचा टॅग आणि ट्रॅकिंगचे खाते त्याच दिवशी बंद करा.

आमच्याकडे येताना

ट्रक रिकामा आणि थंड इंजिनाने आणता आला तर उत्तम. नोंदणीचे कागद, विमा, कर्जाचे पत्र आणि सर्व्हिसची जी बिले सापडतील ती सगळी आणा, चुरगळलेली असली तरी चालतील. तपासणीचा अहवाल त्याच दिवशी लेखी मिळतो. त्यात एक आकडा नसतो, तर खालचा आणि वरचा असे दोन असतात, आणि दोन्हींच्यामध्ये कोणता दोष किती कापतो त्याची यादी. डीलरांची कोटेशने सोबत आणलीत, तर ओळी लावून फरक काढून देतो. डीलरशी बोलायला आम्ही सोबत येत नाही. तुमचे बोलणे तुम्हीच करायचे.